ब्रेक्झिटच्या वाटाघाटींवरचा राजकीय वाद

ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं, एवढं आता सगळ्यांनाच माहीत आहे. पण या नोंदीचा विषय तो नाही, विषय आहे बाहेर पडायचं ठरल्यावर "कसं पडायचं" यावरून झालेलं भांडण, जे जून २०१६ पासून डिसेंबर २०२० पर्यंत साडेचार वर्षं चाललं, त्यात तीनदा मुदतवाढ घ्यावी लागली आणि दोनदा मुदतीआधी निवडणूक झाली. कागदोपत्री या वाटाघाटी लंडन आणि ब्रसेल्स यांच्यात होत्या, खरी ओढाताण मात्र लंडनची लंडनशीच होती. युरोपच्या बाजूला २७ देश, पण बोलायला माणूस एकच, फ्रान्सचे मिशेल बार्निये, आणि त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून जवळजवळ तेच. ब्रिटनच्या बाजूला देश एकच, पण ब्रेक्झिट खात्याचे मंत्री झाले तीन, डेव्हिड डेव्हिस, डॉमिनिक राब आणि स्टीव्ह बार्कली, आणि त्यातले पहिले दोघे तर आपल्याच सरकारने काढलेला मसुदा पटला नाही म्हणून राजीनामा देऊन मोकळे झाले.

बडोद्यात या वादाचं एवढं काय, असं पुण्यामुंबईकडचे लोक विचारतात. तर आमच्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांमधे आणि शेजारच्या गुजराती घरांमधे लेस्टर, हॅरो, वेम्बली ही ब्रिटनमधली नावं नडियाद-आणंदसारखी घेतली जातात. १९७२ मधे इदी अमीनने युगांडातून हाकललेले हजारो गुजराती ब्रिटनमधे उतरले आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १ जानेवारी १९७३ ला, ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात शिरलं, म्हणजे या मंडळींनी पाहिलेलं ब्रिटन जवळपास पहिल्यापासून युरोपातलंच. शिवाय दरवर्षी इथून शिकायला जाणारी पोरं. २४ जून २०१६ च्या सकाळी निकाल आला तेव्हा पाउंड डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला आणि रुपयात शंभरच्या आसपास असलेला भाव नव्वदीच्या सुरुवातीला आला, ज्यांना मुलाची फी भरायची होती त्यांच्या घरी चक्क पेढे आणायची वेळ आली आणि ज्यांचा मुलगा तिकडून पैसे पाठवायचा ते गप्प बसले. एकाच वाड्यात दोन्ही प्रकार होते, मी पाहिलेत.

पार्श्वभूमी थोडक्यात. ब्रिटनमधे १९७५ मधेही राहायचं की नाही यावर सार्वमत झालं होतं आणि तेव्हा ६७ टक्के लोक "राहू" म्हणाले होते. पुढे हुजूर पक्षातला युरोपविरोधी गट वाढत गेला, तो आवरण्यासाठी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी २०१३ मधे सार्वमताचं आश्वासन दिलं, २०१५ ला बहुमत मिळाल्यावर ते पाळावं लागलं, आणि २३ जून २०१६ ला ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी "बाहेर" जिंकलं. मतदान ७२ टक्के. इंग्लंड आणि वेल्स बाहेर म्हणाले, स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंड जवळपास ५६ टक्क्यांनी आत म्हणाले, लेस्टर शहर जेमतेम ५१ टक्क्यांनी आत. कॅमरन दुसऱ्याच दिवशी राजीनामा देतो म्हणाले. आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पाउंड पाठवतो असा बाहेरवाल्यांच्या प्रचारातल्या लाल बसवर लिहिलेला दावा वगैरे गोष्टींवर पुष्कळ लिहून झालंय, इथे त्यात शिरत नाही. आशियाई मतदारांना मात्र एक वेगळंच गाजर दाखवलेलं, की युरोपातून येणाऱ्यांची आवक थांबली की तुमच्या करी हॉटेलांना मायदेशातून आचारी आणता येतील. मतपत्रिकेवर प्रश्न एका ओळीचा होता, राहायचं की सोडायचं. सोडून कुठे जायचं हे त्यात नव्हतं, आणि सगळं भांडण या न लिहिलेल्या ओळीचं.

आता ही दोन शब्दांची भानगड समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं काहीच कळत नाही. एक कस्टम्स युनियन आणि दुसरं सिंगल मार्केट. कस्टम्स युनियन म्हणजे गटातल्या देशांनी आपसात जकात घ्यायची नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांनी एकच दर लावायचा, त्यामुळे आत असलेल्या देशाला बाहेरच्या कोणाशी मालाच्या जकातीचा वेगळा करार करता येत नाही. सिंगल मार्केट म्हणजे त्याच्याही पुढे, मालाचे नियम एक, आणि माल, सेवा, भांडवल, माणसं या चौघांना मोकळी ये-जा. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर बडोद्याचा छाणी जकातनाका घ्या. गुजरातमधली जकात २००७ मधे गेली, नाका गेला, नाव राहिलं, रिक्षावाल्याला अजून तेच सांगतो आपण. पण जकात गेली तरी राज्याच्या सीमेवर चेकपोस्टवर ट्रक उभे राहायचेच, कारण दर राज्याचे कर वेगळे, ते २०१७ मधे जीएसटी आल्यावर सुटलं. म्हणजे नुसती जकात काढून रांग जात नाही, नियमही एक करावे लागतात. हे बडोद्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याला जितकं चटकन कळेल तितकं ब्रिटनच्या काही खासदारांना दोन वर्षं कळलं नाही असं त्यांची भाषणं ऐकून वाटायचं.

बार्नियेंनी डिसेंबर २०१७ मधे एका पानाचं चित्र काढलं, एक जिना. वरच्या पायरीवर पूर्ण सभासद, खाली नॉर्वे (सिंगल मार्केटमधे आहे, कस्टम्स युनियनमधे नाही), मग स्वित्झर्लंड, युक्रेन, तुर्कस्तान (याचं उलटं, कस्टम्स युनियन आहे पण सिंगल मार्केट नाही), मग कॅनडा-कोरियासारखा साधा व्यापार करार आणि तळाला काहीच नाही. प्रत्येक पायरीवर ब्रिटनने स्वतःच घातलेली अट लिहिलेली, की तुम्हाला युरोपियन कोर्ट नको, माणसांची मोकळी ये-जा नको, वर्गणी नको, तर ही पायरी तुमची नाही. उतरत उतरत तुम्ही कॅनडापाशी येता. या वादात इतकं सरळ लिहिलेलं दुसरं पान मी पाहिलं नाही, आणि ते ब्रिटनमधल्या कोणी काढायला हवं होतं.

ह्या अटी कोणी घातल्या तर थेरेसा मे यांनी. त्या स्वतः "राहू"वाल्या, पण जुलै २०१६ मधे पंतप्रधान झाल्यावर "ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट" म्हणायला लागल्या, म्हणजे पोळी म्हणजे काय तर पोळी. जानेवारी २०१७ च्या लँकेस्टर हाउसच्या भाषणात त्यांनी लक्ष्मणरेषा आखल्या, सिंगल मार्केट नाही, कस्टम्स युनियन नाही, युरोपियन कोर्टाचा अंमल नाही. ५२ विरुद्ध ४८ अशा निकालाचा हा सगळ्यात कडक अर्थ होता आणि तो संसदेला विचारून काढलेला नव्हता. सरकार तर बाहेर पडायची नोटीसही संसदेला न विचारताच देणार होतं, जीना मिलर नावाच्या बाई कोर्टात गेल्या आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ३ ने सांगितलं की कायदा करा. मग २९ मार्च २०१७ ला युरोपियन युनियनच्या तहातल्या कलम ५० ची, म्हणजे बाहेर पडायची, नोटीस गेली. या कलमात दोन वर्षांची मुदत आहे, नोटीस दिली की घड्याळ सुरू, आणि घड्याळ ज्याला घाई आहे त्याच्या विरुद्ध चालतं. आपल्याला काय हवं ते घरात ठरवण्याआधीच नोटीस देणं, हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय, बस आणि पाउंड वगैरे त्याच्यापुढे किरकोळ.

त्यावर कडी म्हणजे नोटीस दिल्यावर मे यांनी निवडणूक घेतली. बहुमत वाढेल म्हणून घेतलेली ८ जून २०१७ ची निवडणूक, त्यात होतं तेही बहुमत गेलं, आणि सरकार उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या, ब्रिटनला धरून राहू म्हणणाऱ्या, पक्षाच्या १० खासदारांच्या टेकूवर उभं राहिलं. पुढच्या दीड वर्षात त्या १० माणसांना जो भाव आला तो आपल्याकडच्या आघाडी सरकारांतल्या छोट्या पक्षांना ऐकून हेवा वाटावा असा. वाटाघाटी कोणत्या क्रमाने करायच्या यावर भांडू असं डेव्हिस म्हणाले होते, पण १९ जूनला पहिल्याच दिवशी युरोपचा क्रम मान्य झाला, आधी तीन गोष्टी, लोकांचे हक्क, पैशाचा हिशेब (३५ ते ३९ अब्ज पाउंडचा अंदाज निघाला) आणि आयर्लंडची सीमा, मग व्यापार. फारकत आधी, पोटगी आधी, पुढचं नातं नंतर.

आयर्लंडची सीमा हा या वादाचा गाभा, त्यामुळे इथे जरा थांबतो. आयर्लंड बेटाचा मोठा भाग स्वतंत्र देश आणि युरोपियन युनियनमधे, उत्तरेचा तुकडा ब्रिटनचा. मधे साधारण ५०० किलोमीटरची सीमा, दोनशेहून जास्त रस्ते ती ओलांडतात, आणि शेतं, कुठे कुठे घरंसुद्धा तिच्यावरून जातात. तिथल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने ते थांबलं आणि हळूहळू सीमेवरच्या चौक्या गेल्या. आता ब्रिटन कस्टम्स युनियनमधून बाहेर पडलं तर इकडचा माल तिकडे जाताना तपासायचा कुठे? जमिनीवर तपासला तर चौक्या परत आल्या. आयर्लंड आणि ब्रिटनच्या मधल्या समुद्रात तपासला तर एकाच देशाच्या दोन भागांमधे नाका. आणि कुठेच तपासायचा नसेल तर अख्खं ब्रिटन कस्टम्स युनियनमधे ठेवा, आणि नियमही बरेचसे तेच पाळा. चौथी वाट नाही. कॅमेरे लावू, सॉफ्टवेअर लावू असं पुष्कळ जण म्हणाले, करून कोणी दाखवलं नाही.

हा पेच गुजरातला नवा नाही. काठियावाडातल्या संस्थानांची बंदरं त्यांची स्वतःची, तिथे उतरलेला माल ब्रिटिश मुलखात शिरताना तपासायचा म्हणून इंग्रजांनी विरमगामला जकातीची रेषा आखली होती. येणाऱ्याजाणाऱ्या उतारूंची झडती, सामान उघडा, रांगा. १९१५ मधे आफ्रिकेतून परत आलेल्या गांधीजींना वढवाण स्टेशनवर मोतीलाल नावाच्या शिंप्याने हा जाच सांगितला, त्यांनी पाठपुरावा केला आणि १९१७ मधे ती रेषा उठली, १९२७ मधे परत बसली. गायकवाडांचं राज्य तर त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं, अमरेली आणि ओखामंडळ पलीकडे, राजधानी बडोदं अलीकडे. आपल्याच राजाच्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाताना परक्याची जकातचौकी. उत्तर आयर्लंडचे डीयूपीवाले समुद्रातल्या नाक्यावर का भडकले हे बडोदेकराला नकाशा न काढता कळायला हवं. गंमत म्हणजे तेव्हा ती रेषा आखणारं सरकार कोणाचं होतं ते सांगायला नकोच.

४ डिसेंबर २०१७ ला मे ब्रसेल्समधे युरोपियन कमिशनच्या अध्यक्षांबरोबर जेवायला बसल्या होत्या, त्या पहिल्या तीन गोष्टींचा मसुदा ठरत आलेला, तेवढ्यात डीयूपीच्या आर्लीन फॉस्टर यांचा नकार आला आणि मसुदा तिथेच अडला. चार दिवसांनी शब्द बदलून तो झाला. त्यातूनच पुढे तो प्रसिद्ध बॅकस्टॉप निघाला. गल्ली क्रिकेटमधे कीपरच्या मागे एक बारकं पोरगं उभं करतात ना, सुटलेला बॉल अडवायला, तसं, म्हणजे दुसरी काही सोय झालीच नाही तर तोपर्यंत अख्खं ब्रिटन युरोपच्या कस्टम्स हद्दीत राहील आणि सीमेवर चौकी येणार नाही. ब्रिटनला त्यातून एकट्याने बाहेर पडता येणार नव्हतं, आणि कट्टर ब्रेक्झिटवाल्यांनी हाच धागा पकडला, की हे पोरगं तात्पुरतं उभं केलंय म्हणता पण ते कायम तिथेच राहणार. ६ जुलै २०१८ ला मे यांनी चेकर्स या आपल्या सरकारी बंगल्यावर मंत्रिमंडळ बोलावून एक मधला मार्ग मंजूर करून घेतला, दोन दिवसांनी डेव्हिस गेले, तिसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन गेले. नोव्हेंबरमधे युरोपशी करार झाला, दुसऱ्या दिवशी राब गेले.

मग संसद. १५ जानेवारी २०१९ चं मतदान इथे रात्री एकच्या सुमाराला लागलं, आमच्याकडे तीनचार जण जागे, मामा तर स्वेटर घालून बसलेले, आणि आकडा आला ४३२ विरुद्ध २०२. ब्रिटिश सरकारचा इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव, २३० मतांचा. त्यात हुजूर पक्षाचेच ११८ फुटले. मामा म्हणाले की एवढं बहुमत विरुद्ध आहे तर त्यांनी दुसरं काहीतरी पास करावं ना. इथेच सगळी मेख होती. त्या ४३२ मधे करार फार मऊ आहे म्हणणारे होते, फार कडक आहे म्हणणारे होते, मुळात बाहेरच पडू नये म्हणणारे होते, आणि ज्यांना सरकार पाडायचं होतं तेही होते. नाही म्हणायला सगळे एक, हो म्हणायला चार दिशा. १२ मार्चला परत मतदान, ३९१ विरुद्ध २४२. मग सभापती जॉन बर्को, ज्यांची "ऑर्डर, ऑर्डर" आमच्या इथली लहान पोरंही ओरडायला लागली होती, त्यांनी १६०४ पासूनचा संकेत काढून सांगितलं की तोच प्रस्ताव एकाच अधिवेशनात परत परत आणता येत नाही. २७ मार्चला खासदारांनी कामकाज स्वतःच्या हातात घेऊन आठ पर्यायांवर मतं घेतली, कस्टम्स युनियन, दुसरं सार्वमत, करार न करता बाहेर, नोटीस मागे घेणं, आठच्या आठ पडले. १ एप्रिलला परत चार, तेही पडले, हुजूर पक्षाचे जुने खासदार केन क्लार्क यांचा कस्टम्स युनियनचा प्रस्ताव फक्त तीन मतांनी. मधे २९ मार्चला, म्हणजे ज्या दिवशी बाहेर पडायचं होतं त्याच दिवशी, मे यांनी पास झालं तर मी खुर्ची सोडते असं सांगूनही तिसऱ्यांदा करार पडला, ३४४ विरुद्ध २८६. सार्वमताने दिलेलं उत्तर आणि संसदेकडे असलेला अधिकार, दोन्ही खरे, आणि दोघांना जोडणारा दोरा कोणाकडेच नव्हता.

विरोधी मजूर पक्षाचं काही वेगळं नव्हतं. त्यांच्या उत्तरेकडच्या कामगारवस्त्या बाहेरवाल्या, शहरातले सभासद आतवाले, आणि नेते जेरेमी कॉर्बिन स्वतः १९७५ मधे बाजार नको म्हणणारे. शेवटी २०१९ ला त्यांनी असं ठरवलं की आम्ही नवा करार करू, त्यावर सार्वमत घेऊ आणि त्यात नेता कोणत्याच बाजूचा प्रचार करणार नाही. हे ऐकून मतदार काय करणार.

जुलै २०१९ मधे मे यांच्या जागी जॉन्सन पंतप्रधान झाले. पाच आठवडे संसदच बंद ठेवायचा त्यांचा घाट सुप्रीम कोर्टाने २४ सप्टेंबरला अकराच्या अकरा न्यायाधीशांच्या एकमताने बेकायदा ठरवला, पक्षातून २१ खासदार त्यांनी काढले, त्यात चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्ससुद्धा. आणि १७ ऑक्टोबरला करार आणला तो कोणता, तर बॅकस्टॉप काढून समुद्रातला नाका. नोव्हेंबर २०१८ मधे याच जॉन्सननी डीयूपीच्या अधिवेशनात जाऊन सांगितलं होतं की असल्या गोष्टीला हुजूर पक्षाचं कोणतंही सरकार मान्यता देणार नाही. वर्षसुद्धा झालं नव्हतं. पण लोक कंटाळले होते, "उरकून टाकू" या एका घोषणेवर १२ डिसेंबरला त्यांना ३६५ जागा मिळाल्या, आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकराला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारला, ब्रिटन बाहेर पडलं. व्यापाराचा करार त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला झाला, शेवटपर्यंत अडला होता मासेमारीवर, जी ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत टक्क्याचा दहावा हिस्सा असेल नसेल. बाराशेहून जास्त पानांचा करार संसदेने एका दिवसात पास केला, ज्या संसदेने आधीच्या करारावर तीन महिने रात्री जागवल्या होत्या तिने.

त्याच सुमाराला, ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमधे, आपला देशही आरसेप या व्यापारी गटाच्या उंबऱ्यावरून परत फिरला, न्यूझीलंडचं दूध येईल म्हणून डेअरीवाले विरोधात होते आणि आपल्याकडे डेअरीवाल्यांचं ऐकलं जातं. आत न जाणं एका दिवसात जमतं, आत ४७ वर्षं राहून बाहेर येणं नाही.

बडोद्यापुरतं पुढचं सांगायचं तर शिकून झाल्यावर तिकडे कामासाठी थांबायची जी सोय मे यांनीच गृहमंत्री असताना २०१२ मधे बंद केली होती ती, दोन वर्षं थांबता येईल अशी, जॉन्सनच्या काळात जाहीर होऊन २०२१ पासून परत आली, आणि आमच्या गल्लीतून जाणाऱ्या पोरांची संख्या लगेच दिसण्याइतकी वाढली. म्हणजे युरोपातली माणसं नकोत म्हणून झालेल्या ब्रेक्झिटमधून आमची पोरं आत गेली, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. एअरबस कंपनीने जून २०१८ मधे करार न करता बाहेर पडलात तर ब्रिटनमधल्या गुंतवणुकीचा फेरविचार करू असा इशारा दिला होता, तिच्या प्रवासी विमानांचे पंख वेल्समधे ब्रॉटनला बनतात. त्याच कंपनीचं सी-२९५ लष्करी विमान जोडायचा टाटांचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मधे बडोद्यात सुरू झाला, याचा ब्रेक्झिटशी संबंध नाही, पण इथे चहाच्या टपरीवर तो लावणारे भेटतात.

समुद्रातल्या नाक्याचं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मधे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी युरोपशी विंडसर फ्रेमवर्क नावाचा समझोता केला, उत्तर आयर्लंडमधेच राहणाऱ्या मालासाठी हिरवी रांग, पुढे युरोपात जाणाऱ्यासाठी लाल. हिरव्या रांगेतल्या मांसाच्या पाकिटांवर आणि दुधाच्या बाटल्यांवर "युरोपसाठी नाही" अशी पट्टी असते. लेस्टरच्या भाच्याने तिथल्या दुकानातल्या पाकिटाचा फोटो पाठवला होता, हे इथे का छापलंय म्हणून, कारण काही कंपन्या तो शिक्का अख्ख्या ब्रिटनच्या मालावर मारतात, वेगवेगळी पाकिटं काढायचा खर्च नको म्हणून. आणि भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या त्या चेकर्सला, ज्या बंगल्यात सात वर्षांपूर्वीच्या जुलैमधे मे यांचं मंत्रिमंडळ फुटायला सुरुवात झाली होती.